वळचणीत खारीचे घरटे आहे; फट बुजवावी का?

प्रश्न
आमच्या वळचणीखाली छताला फट पडली असून तिथून एक खार सतत ये-जा करते आणि तोंडात चिंध्या, वाळके गवत घेऊन आत शिरते. पोटमाळ्यावरच्या एका वायरचे वेष्टण तिने इतके कुरतडले आहे की आतली तांब्याची तार उघडी पडली आहे. बागेतले टोमॅटोही ती अर्धवट खाऊन टाकून देते. तिला इजा होऊ नये अशी मनापासून इच्छा आहे, परंतु आगीची भीती वाटते. फट लगेच सिमेंटने बुजवावी का?

प्रतिसाद १
कृपया फट आज बुजवू नका. वायरचे काम मात्र आजच करा; त्या भागाचा वीजपुरवठा बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि नवी वायर धातूच्या पाइपमधून घ्यायला सांगा. खारीचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणे तिला टळत नाही.

ती घरट्यासाठी गवत नेत असेल, तर आत पिल्ले असण्याची किंवा लवकरच होण्याची शक्यता आहे. जन्मतः पिल्लांचे डोळे मिटलेले असतात, अंगावर केस नसतात आणि कित्येक आठवडे ती आईच्या दुधावरच असतात. अशा वेळी वाट बंद झाली तर ती उपाशी मरतात आणि आई त्यांच्याकडे जाण्यासाठी छत दुसरीकडे पोखरू लागते. पिल्ले बाहेर हिंडू लागेपर्यंत थांबा. मग फटीत वर्तमानपत्राचा बोळा सैलसर खोचून ठेवा. कोरड्या हवेत दोन-तीन दिवस तो जागचा हलला नाही, तर घरटे रिकामे झाले असे समजण्यास हरकत नाही. त्यानंतर सुमारे १२ मिलिमीटर छिद्रांची गॅल्व्हनाइज्ड जाळी स्क्रूने घट्ट बसवा. फोम भरू नका, तो टिकत नाही.

प्रतिसाद २
टोमॅटोवर ढिली नायलॉनची जाळी टाकू नका, तीत पक्षी आणि साप अडकून तडफडतात. चौकटीवर ताणलेली तारेची जाळी उत्तम. कोरड्या दिवसांत खारी पाण्यासाठीही फळे फोडतात, म्हणून वाफ्यापासून दूर पाण्याचे उथळ भांडे ठेवून पाहावे आणि ते रोज धुवावे.

प्रतिसाद ३
पिंजरा लावून तिला दूर नेऊन सोडण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो मानू नका. अनोळखी जागी तिला निवारा आणि अन्न शोधणे अवघड जाते, मागे पिल्ले पोरकी होतात आणि फट उघडीच राहिल्यास दुसरी खार तिथे येते. विष तर मुळीच नको, कारण विषबाधा झालेला प्राणी खाऊन घुबडे आणि मांजरेही दगावतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. एखादे पिल्लू खाली पडले तर काय करावे?

प्रतिसाद १
जखम नसेल तर हातमोजे घालून ते उचला, कापड घातलेल्या उघड्या खोक्यात घरट्याखालीच ठेवा आणि सर्वांनी दूर व्हा. आई बहुधा त्याला तोंडात धरून परत नेते. गाईचे दूध पाजू नका. जखम असेल किंवा अंधार पडेपर्यंत आई आली नाही, तर त्याला उबेत ठेवून वन्यजीवांवर उपचार करणाऱ्यांकडे न्या.