मदत हवी आहे: ई-रिक्षाला पडदा बसवू की अर्धा दरवाजा?

भुसावळात स्टेशनवरून ई-रिक्षा चालवतो. चार सवारी, 48 व्होल्ट, लेडच्या चार बॅटऱ्या. वरून छत आहे, पुढे काच आहे, पण पाऊस येतो बाजूने. मागच्या सीटवरचा माणूस उतरताना आधी पँट पिळतो, मग पैसे देतो.

ताडपत्रीचे पडदे लावून झाले. वाऱ्यावर फडफडतात, कड्या उपटून निघतात आणि आत अंधार होतो, बायाबापड्या बसायला कचरतात. मग पारदर्शक प्लास्टिक लावलं. आपल्याकडचं 45 अंशाचं ऊन, गुंडाळून ठेवलेलं प्लास्टिक मे महिन्यातच पिवळं पडलं आणि घडीवर तडकलं. वेल्क्रोत धूळ बसली की तो चिकटतच नाही.

उजवी बाजू कायमची बंद केली तरी चालेल, चढ-उतार डावीकडूनच होते. बजेट पाच हजार. पत्र्याचे पूर्ण दरवाजे नकोत. वजन वाढलं की चार्जिंग लवकर संपतं, उन्हाळ्यात भट्टी होईल ती वेगळीच.

खाली पत्र्याचा किंवा फायबरचा अर्धा दरवाजा आणि वर चेनचा (झिपचा) पडदा, असं कोणी केलंय का? प्लास्टिक किती जाडीचं घेतलं, ते उन्हाळ्यात टिकलं का, आणि पासिंगच्या वेळी आरटीओत अशा दरवाजाला हरकत घेतली का?