जुन्या प्रवासी जहाजाची मूळ इंजिने काढून टाकणे योग्य होते का?

तापीकाठ, अमळनेर

माझा भाचा दुबईत नोकरीला आहे. तेथे ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे जुने ब्रिटिश जहाज धक्क्याला कायमचे उभे असून २०१८ पासून त्यात हॉटेल चालते. १९६९ साली वाफेच्या टर्बाइनवर धावू लागलेल्या या जहाजाची सगळी मूळ यंत्रसामग्री १९८६-८७ मध्ये उपसून काढून तेथे डिझेल इंजिने बसवण्यात आली, असे त्याला तेथील मार्गदर्शकाने सांगितले. मला हे पटलेले नाही. जहाजाचा गाभाच काढून टाकायचा आणि तरीही त्याला ऐतिहासिक म्हणायचे, यात विसंगती नाही काय? शिवाय एवढा खर्च करायचाच होता, तर नवे जहाज का बांधले नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त फिटर, भुसावळ

नमस्कार. माझी नोकरी येथील विद्युत लोको कारखान्यात झाली, त्यामुळे जहाजांविषयी मी वाचक म्हणूनच लिहितो. मात्र यंत्र उतरवून पुन्हा चढवणे म्हणजे काय, हे हातांना ठाऊक आहे.

त्या टर्बाइनचा इतिहासच कटकटीचा आहे. १९६८ च्या अखेरीस चाचणीत त्या बिघडल्या, म्हणून जहाज बांधून घेणाऱ्या क्युनार्ड कंपनीने ते ताब्यात घेण्यास नकार दिला आणि प्रवाशांची पहिली फेरी लांबली. पुढे तेलाचे भाव भडकल्यावर वाफेचा खर्च परवडेना. तेव्हा जर्मनीतील ब्रेमरहाफेन येथे, लॉइड वेर्फ्टच्या गोदीत, धुराडे उतरवून त्याखालच्या वाटेने बॉयलर आणि टर्बाइन बाहेर काढले आणि ‘मान’ कंपनीची नऊ डिझेल इंजिने आत उतरवली. ही इंजिने जहाज ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला थेट जोडलेली नाहीत. ती वीज तयार करतात आणि प्रत्येकी ४४ मेगावॅटच्या दोन मोटारी पंखे फिरवतात. आपल्या रेल्वेच्या डिझेल इंजिनात हेच तत्त्व असते, म्हणून मला यात परकेपणा वाटत नाही. या पद्धतीची सोय अशी की वेग कमी हवा असेल तेव्हा नऊपैकी काही इंजिने बंद ठेवता येतात, आणि एखादे इंजिन दुरुस्तीला उघडले तरी जहाज थांबत नाही. काम १९८६ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत चालले आणि खर्च १० कोटी पौंडांच्या वर गेला. सगळेच साधले असे नाही: इंधन वाचावे म्हणून पंख्यांच्या मागे बसवलेल्या मोकळ्या फिरणाऱ्या चक्रांची पाती चाचणीतच तुटून पडली आणि ती चक्रे काढून टाकावी लागली.

नव्या जहाजाविषयी म्हणाल, तर अटलांटिकच्या लाटा वेगाने कापण्यासाठी बांधलेला असा लांब, निमुळता, जाड पत्र्याचा सांगाडा त्या काळी कोणी नव्याने बांधतच नव्हते. तसे पुढचे जहाज, ‘क्वीन मेरी २’, थेट २००४ मध्ये सेवेत आले. सांगाडा भक्कम असताना तो भंगारात घालून स्वस्त बांधणीचे नवे जहाज घेणे मला तरी अडाणीपणाचे वाटले असते.

सातपुडा, नंदुरबार

वरील उत्तराला दुसरी बाजू जोडतो. ‘फ्रान्स’ हे १९६२ चे जहाज १९७९ मध्ये नॉर्वेच्या मालकाने विकत घेतले आणि याच ब्रेमरहाफेनमध्ये त्याचे ‘नॉर्वे’ झाले. तेथे वाफ कायम ठेवली. केवळ पुढची इंजिनखोली बंद करून चारपैकी दोन पंखे काढले, म्हणजे कॅरिबियनच्या संथ सफरींसाठी खर्च आटोक्यात येईल. १९९० मध्ये त्याच्या माथ्यावर आणखी दोन मजले चढवले, आणि माझ्या मते त्याचे रूप तेव्हाच बिघडले. मे २००३ मध्ये मायामीच्या बंदरात त्याच्या एका बॉयलरचा स्फोट होऊन आठ कर्मचारी दगावले. त्यानंतर ते प्रवाशांना घेऊन कधीच निघाले नाही. २००६ मध्ये ते तोडण्यासाठी गुजरातेत अलंगला आले, तेव्हा त्यात आरोग्यास घातक अशा अॅस्बेस्टॉसचा हजार टनांहून अधिक माल असल्याचा अंदाज होता, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००७ मध्ये तोडणीस परवानगी मिळाली. मूळ यंत्रे जपलेले जहाज असे संपले. यंत्रे बदललेले ‘क्वीन एलिझाबेथ २’ मात्र २००८ पर्यंत समुद्रावर होते.

(अलंगच्या रस्त्याला जहाजांतून निघालेल्या खुर्च्या, कपाटे, आरसे विकणारी दुकाने ओळीने आहेत. आमच्या भागातले लाकडाचे व्यापारीही तेथे फेरी मारतात.)

तापीकाठ, अमळनेर

दोघांचेही आभार. यंत्रांविषयीचा माझा आक्षेप मी मागे घेतो, परंतु आतल्या दालनांचे काय? ती तरी मूळ राहिली का?

निवृत्त फिटर, भुसावळ

बरीचशी नाहीत, आणि तुमची तक्रार खरी शोभते ती येथे. १९६९ ची सजावट त्या काळच्या आधुनिक वळणाची होती. पुढच्या नूतनीकरणांत तिच्यातले बरेच गेले. १९९४ मध्ये तर हॅम्बुर्गला काम अपुरे असतानाच जहाज फेरीवर काढले, कामगार आत ठोकाठोक करत होते आणि नळांची व्यवस्था नीट नव्हती; प्रवाशांनी मोठा गहजब केला. इंजिन बदलण्यामागे हिशेब होता, हा बदल बराचसा हौसेचा होता.

सातपुडा, नंदुरबार

आणि हॉटेल केले म्हणजे जहाज सुटले, असेही नाही. ‘क्वीन मेरी’ (वर आलेले ‘क्वीन मेरी २’ नव्हे, त्याआधीचे जुने जहाज) १९६७ पासून कॅलिफोर्नियातील लाँग बीचला उभे आहे. त्याचे जवळपास सगळे बॉयलर तेथे काढून टाकले, तरी २०१७ च्या तपासणीत दुरुस्तीचा अंदाज २३.५ ते २८.९ कोटी डॉलर निघाला. धावणारे जहाज ठराविक काळाने कोरड्या गोदीत जाते, तेथे तळ घासून रंगवला जातो आणि गंजलेला पत्रा बदलला जातो. उभ्या जहाजाचा तळ मात्र वर्षानुवर्षे पाण्यात असतो. दुबईच्या जहाजाविषयी भाच्याला काही विचारायचेच असेल, तर तळाची तपासणी कोण आणि किती वर्षांनी करते, हे विचारा.