शाळेचं जूनमधलं शेवटचं पत्र

वर एका ताईंनी लिहिलंय की शाळा सुटताना डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या कार्यालयाकडून, येणारी लांबलचक ईमेल त्या न वाचताच काढून टाकतात. ताई, तेवढं करू नका. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो आणि दोन वर्षं मीही तेच केलं. लेकीचा इन्हेलर नर्सच्या खोलीत राहून गेला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर तिचं नाव लिहिलेला. शेवटच्या दिवसापर्यंत पालकांनी स्वतः जाऊन औषध आणायचं असतं, नाहीतर ते टाकून देतात. शिवाय दर वर्षी डॉक्टरांच्या सहीचा नवा फॉर्म लागतो.

मूल सातवीत जाणार असेल तर लसींचा भाग नीट वाचा. इथे सातव्या वाढदिवसानंतर घेतलेली टीडॅप, म्हणजे धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांवरची लस लागते. भारतात सरकारी वेळापत्रकात 10व्या वर्षी मिळते ती टीडी. तिच्यात धनुर्वात आणि घटसर्प आहे, डांग्या खोकला नाही, म्हणून ती इथे चालत नाही. आमच्या ओळखीत नुकतेच पुण्याहून आलेले एक कुटुंब यातच अडकलं. ऑगस्टमध्ये डॉक्टरांची वेळ मिळणं कठीण, जूनमध्येच उरकून घ्या.

उन्हाळ्यातल्या मोफत जेवणाबद्दल मात्र आपली माणसं उगाच संकोचतात. ठरलेल्या ठिकाणी 18 वर्षांपर्यंतच्या कुठल्याही मुलाला जेवण मिळतं. अर्ज नाही, कागदपत्रं नाहीत. नोकरी गेलेली असेल तर नक्की जा.

आणि मूल घरात गप्प गप्प असेल, मनातलं बोलत नसेल, तर 988 हा मानसिक संकटात मदत करणारा अमेरिकेतला हेल्पलाइन नंबर फ्रिजवर लावून ठेवा. फोन करा किंवा मेसेज, रात्री-अपरात्रीसुद्धा.