क्राउन-पिनियन बदलल्यानंतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे शिफ्ट पॉइंट कसे जुळवावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार.

माझ्या गाडीला जीएमचा ४एल६०-ई हा चार गिअरचा, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. ट्रेलर ओढताना चढावर इंजिनाचा दम जात असे, म्हणून मागच्या डिफरन्शिअलमधील (मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या यंत्रणेतील) ३.४२ चे क्राउन-पिनियन (दातेरी चाकांची जोडी) काढून त्या जागी ४.१० चे बसवून घेतले. टायर जुनेच आहेत आणि गिअरबॉक्सच्या आतले रेशोही (३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०) तेच आहेत. गाडीची ओढ अपेक्षेप्रमाणे वाढली, पण गिअर कधी पडावेत याचे, म्हणजे शिफ्ट पॉइंटचे, सगळे गणित बिघडले असून ते नेमके कोणत्या टोकाकडून दुरुस्त करायला घ्यावे, हे मला ठरवता येत नाही.

काम झाले त्याच दिवशी लक्षात आले की, प्रत्यक्ष वेग ताशी १०० किलोमीटर असताना स्पीडोमीटरचा काटा १२० दाखवतो. याचे कारण सरळ आहे. वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवरील ४० दात्यांच्या चकतीवरून स्पंद मोजतो आणि चाकाच्या एका फेऱ्यासाठी तो शाफ्ट आता ३.४२ ऐवजी ४.१० वेळा फिरतो. टायरवर खडूची खूण करून, गाडी सपाट जमिनीवर दहा फेरे ढकलून मी अंतर मोजले. ते २२.५ मीटर भरले, म्हणजे एका फेऱ्यास २.२५ मीटर. या हिशेबाने पूर्वी एका किलोमीटरला ६०,८०० स्पंद मिळत होते, ते आता सुमारे ७२,९०० मिळतात. ट्यूनिंग सॉफ्टवेअरमधून कंट्रोलरला (गिअर बदलण्याचे आदेश देणाऱ्या संगणकाला) नवा रेशो आणि टायरचा घेर सांगितल्यावर काटा बरोबर दाखवू लागला.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी उचलली, तर पहिल्या गिअरमध्ये काटा ताशी ६२ किलोमीटरवर येऊन अडकतो, इंजिन ५८०० आरपीएमच्या लिमिटरवर (इंजिनाला त्यापुढे जाऊ न देणाऱ्या मर्यादेवर) धडधडत राहते आणि दुसरा गिअर पडतच नाही. पाय थोडा उचलला की तोच गिअर लगेच, धक्का देऊन पडतो. काटा चुकीचा दाखवत होता त्या दोन दिवसांत मात्र असे एकदाही घडले नव्हते.

कंट्रोलरमधील पूर्ण थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाच्या) तक्त्यात पहिल्याहून दुसऱ्या गिअरसाठी ६७ आणि दुसऱ्याहून तिसऱ्यासाठी १३० किलोमीटर हे मूळ आकडे आहेत. ३.४२ च्या रेशोवर ६७ म्हणजे सुमारे ५२०० आरपीएम होते, ४.१० वर तोच वेग गाठायला ६२०० हून अधिक आरपीएम लागतात आणि लिमिटर तिथवर जाऊच देत नाही. म्हणून मी सरसकट सगळे तक्ते ०.८३४ ने, म्हणजे ३.४२ भागिले ४.१० या गुणोत्तराने, गुणले. पूर्ण थ्रॉटलची अडचण जवळजवळ मिटली, तरी पहिला गिअर सुटताना आरपीएम आता ५६०० च्या पुढे जातो. पूर्वी तो ५५०० पर्यंतच जात असे.

दुसरीकडे संथ चालवताना नवाच त्रास उद्भवला. पूर्वी हलक्या पायाने चौथा गिअर ६४ ला पडत असे आणि ५० ला सुटत असे. आता तो ५३ ला पडतो आणि ४२ ला सुटतो. माझा रोजचा बराचसा प्रवास ताशी ४० ते ५५ किलोमीटरच्या दरम्यान होत असल्यामुळे गिअरबॉक्स सारखा तिसऱ्या-चौथ्यात घुटमळतो. तक्ते सरसकट गुणणे चुकीचे आहे का? आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन व गिअरबॉक्स यांना ऑइलमार्फत जोडणाऱ्या भागाच्या) लॉकअपचा, म्हणजे तो घट्ट बांधला जाण्याचा वेग, जो पूर्वी ७२ होता आणि आता गुणाकाराने ६० झाला आहे, तो कितीवर ठेवावा?

प्रतिसाद १

आपण मोजमाप करून प्रश्न मांडला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. काटा चुकीचा असताना गिअर बरोबर पडत होते, ही आपली नोंद सर्वांत मोलाची आहे. कंट्रोलरच्या तक्त्यात वेग किलोमीटरमध्ये लिहिलेला असला, तरी तो वेग आउटपुट शाफ्टच्या फेऱ्यांवरूनच काढलेला असतो. जुना रेशो कायम होता तोवर कंट्रोलरच्या लेखी जे ६७ होते ते रस्त्यावर ५६ होते आणि इंजिन नेहमीच्याच आरपीएमवर गिअर बदलत होते. आपण काटा दुरुस्त केला आणि त्याच क्षणी सगळे शिफ्ट पॉइंट २० टक्के वर सरकले. स्पीडोमीटर जुळवणे आणि शिफ्ट पॉइंट जुळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले करून दुसरे सोडून दिले की नेमके आपल्यासारखे होते.

जुन्या, पूर्णपणे हायड्रॉलिक गिअरबॉक्समध्ये गव्हर्नर (वेगानुसार ऑइलचा दाब बदलणारा भाग) थेट आउटपुट शाफ्टवर चालत असे. तिथे क्राउन-पिनियन बदलले तरी पूर्ण थ्रॉटलला गिअर त्याच आरपीएमवर पडत आणि स्पीडोमीटरचा छोटा प्लास्टिकचा गिअर तेवढा बदलावा लागे. काटा आणि शिफ्ट एकाच आकड्याला बांधले गेले ते इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आल्यानंतर.

तक्ते सरसकट गुणणे पूर्ण थ्रॉटलच्या ओळीपुरते योग्य आहे, कारण तिथे मर्यादा इंजिनाची असते आणि इंजिन बदललेले नाही. तरीही आरपीएम ५५०० ऐवजी ५६०० च्या पुढे का गेला, हे समजून घ्यावे. गिअर बदलण्याचा आदेश सुटल्यापासून क्लच प्रत्यक्ष पकडेपर्यंत काही क्षण जातात आणि तेवढ्या वेळात इंजिन चढतच राहते. आपल्याकडे आदेश ५२०० ला जात होता आणि शिखर ५५०० ला येत होते, म्हणजे ही वाढ ३०० ची होती. आता चाकांवरचा जोर सुमारे १.२ पट झाल्याने गाडी तितकी जास्त वेगाने उठते. शिवाय वेग तेवढाच वाढला तरी आरपीएम १.२ पट चढतो. दोन्ही मिळून आरपीएम चढण्याची गती सुमारे १.४४ पट होते. इंजिनाच्या स्वतःच्या जडत्वामुळे ती प्रत्यक्षात याहून थोडी कमी भरेल, पण ३०० ची वाढ ४०० च्या आसपास जाणार हे उघड आहे. म्हणून पहिल्या गिअरसाठी ५६ ऐवजी ५५ लिहून पाहावे, म्हणजे आदेश सुमारे ५१०० ला जाईल. एका किलोमीटरचा हा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु पहिल्या गिअरमध्ये त्याची किंमत ९० हून अधिक आरपीएम आहे. दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम सावकाश चढतो, तेव्हा १३० चे १०८ पुरेसे आहेत.

हलक्या पायाच्या ओळींना मात्र हा नियम लावू नये. तिथे लिमिटरचा काही संबंध नसतो. गिअर पडल्यानंतर इंजिन किती खाली येते आणि कण्हू लागते का, एवढेच पाहायचे असते. ताशी ६४ ला चौथा पडला की पूर्वी इंजिन साधारण ११३५ आरपीएमवर येत असे. आज त्याच वेगाला ते १३६० वर राहील. मग ५३ ला चौथा घालण्याची घाई कशासाठी? आपण ज्यासाठी खर्च करून रेशो बदलला ती ओढ हलक्या थ्रॉटलला पूर्ण गुणाकार करून आपणच परत देऊन टाकत आहात. शिवाय ६४ आणि ५० यांच्यात १४ किलोमीटरचे अंतर होते, ते गुणाकाराने साडेअकराच्या आसपास उरले. पडण्याच्या आणि सुटण्याच्या वेगातले हे अंतरच गिअरबॉक्सला घुटमळण्यापासून वाचवत असते. ते आकसले आणि नेमके आपल्या रोजच्या वेगावर येऊन बसले.

मी आपल्या जागी असतो तर तिसऱ्याहून चौथा गिअर हलक्या पायाला ६० वर ठेवला असता आणि सुटण्याचा वेग ४५ केला असता. पूर्ण थ्रॉटलचे टोक आरपीएमवरून पक्के झाले, हलक्या थ्रॉटलचे टोक गिअर पडल्यानंतरच्या आरपीएमवरून पक्के झाले, की मधल्या ओळी कुठेही अचानक उडी न घेता या दोन टोकांना जोडाव्यात. उडी राहिली तर पाय जेमतेम हलला तरी गिअर बदलेल.

गिअर उतरण्याच्या तक्त्याकडे अवश्य लक्ष द्यावे. आपण सगळे तक्ते गुणले असल्याने पूर्ण थ्रॉटलला दुसऱ्याहून पहिल्यावर येण्याचा वेगही खाली आला असेल. तो तसाच राहू द्यावा. तो मूळ आकड्यावर परत नेला आणि चढण्याचा वेग ५५ केला, तर दोन्ही आकडे एकमेकांना भिडू शकतात आणि गिअरबॉक्स दुसरा घालून लगेच पहिला काढेल. यात क्लच जळतात.

लॉकअप ६० ला केले तर इंजिन सुमारे १२७५ आरपीएमवर बांधले जाते. रिकाम्या गाडीला ते चालेल, पण ट्रेलर लावल्यावर थरथर जाणवेल. ६६ पासून सुरुवात करावी, म्हणजे आरपीएम १४०० मिळेल. लॉक सुटण्याचा वेग त्याहून निदान आठ-दहा किलोमीटर खाली असावा. बदल चढवल्यावर शिफ्टच्या दाबाची कंट्रोलरने शिकलेली जुनी स्मृती पुसून टाकावी, नाहीतर पहिले काही दिवस धक्के जाणवतील आणि आपण त्याचा दोष नव्या आकड्यांना द्याल.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. पूर्ण आणि हलका थ्रॉटल यांचे निकष वेगळे आहेत, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आपण सुचवलेले आकडे चढवून काल लॉग घेतला. पहिला गिअर आता ५५२० ला सुटतो आणि दुसरा ५४८० ला. ताशी ४५ ते ५५ च्या दरम्यान गाडी तिसऱ्यातच शांतपणे चालते आणि मोकळा रस्ता मिळाला की ६० ला चौथा पडल्याचे जेमतेम कळते. उतरण्याचा तक्ता तपासला. तिथे पूर्ण थ्रॉटलला मूळचे ५२ होते, ते गुणाकाराने ४३ झाले आहेत आणि तसेच ठेवले आहेत.

एक शंका उरली आहे. ट्रेलर लावून लांब चढ चढताना ६६ ते ७० च्या दरम्यान लॉकअप पकडते आणि सुटते, असे चार-पाच वेळा झाले. त्या वेळी थ्रॉटल ३५ ते ४० टक्के होता. लॉकअपचा वेग सगळ्याच थ्रॉटलसाठी वाढवावा, की फक्त ३० टक्क्यांच्या वरच्या ओळींत?

प्रतिसाद २

फक्त वरच्या ओळींत वाढवावा. तीस टक्क्यांपासून पुढे पकडण्याचा वेग ७६ करून पाहावा आणि सुटण्याचा ६४ ठेवावा, म्हणजे त्या चढावर लॉक एकतर पक्के राहील किंवा पकडणारच नाही. ट्रेलर ओढताना टॉर्क कन्व्हर्टर बराच वेळ उघडा राहिला की ऑइल तापते. म्हणून त्याच चढावर ऑइलच्या तापमानाचाही लॉग घ्यावा आणि ते सतत चढत राहिले तर आकड्यांशी खेळत न बसता टो-मोड (ट्रेलर ओढण्यासाठीची सेटिंग) वापरून किंवा हाताने तिसऱ्या गिअरमध्ये चढ पूर्ण करावा.