जड पाणी की दुष्फेन? (आणि बर्फ विरघळतो की वितळतो)

रानजाई:
आमचा छोटा गट तालुक्यातल्या सातवी-आठवीच्या मुलांसाठी पाण्यावर एक पुस्तिका करतोय, इंग्रजी मजकूर मराठीत आणायचं काम माझ्याकडे आहे. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित अधिक, एक किंचित उणे, म्हणून मीठ-साखर त्यात कशी जाते, रक्तातून सगळं कसं पोचतं, असा विषय. त्यात बोअरच्या पाण्यावर एक परिच्छेद आहे, कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलं की साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही वगैरे. मी तिथे सरळ 'जड पाणी' लिहिलं, कारण आमच्या बीडकडे लहानपणापासून तेच ऐकलंय, 'या बोअरचं पाणी जडंय, प्यायला नको.' तपासणाऱ्या सरांनी ते खोडून 'दुष्फेन' केलं आणि शेजारी लिहिलं की जड पाणी म्हणजे अणुभट्टीतलं. आता दुष्फेन हा शब्द शाळा सुटल्यापासून मी एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. काय ठेवू? जरा लवकर सांगा, पुढचं पान बर्फ विरघळताना उष्णता कशी ओढून घेतो त्यावर आहे, ते अजून व्हायचंय.

शब्दनिष्ठ:
दुष्फेनकडे नंतर येऊ, आधी तुमचं शेवटचं वाक्य. बर्फ विरघळत नाही, वितळतो. विरघळायला दोन पदार्थ लागतात, एक द्राव्य आणि एक द्रावक. बर्फात दुसरं आहेच कोण? एका रेणूला चार शेजाऱ्यांनी धरून ठेवलेलं असतं, ऊब मिळाली की ती पकड सुटत जाते आणि पाणी होतं. हा फरक मुलांच्या पुस्तकात पुसला तर मोठेपणी कोण शिकवणार?

माजघर:
शब्दनिष्ठ, आमच्या घरात बर्फ कायम विरघळतच आलाय. मे महिन्यात आइस्क्रीमचा पॉट निघायचा, लाकडी बादलीत भांड्याभोवती बर्फ आणि जाडं मीठ, आम्ही भावंडं आळीपाळीने हँडल फिरवायचो आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, बर्फ विरघळला बघा, मीठ टाका अजून. तुपाचंही तेच, 'पोळीवर घालायला तूप विरघळवून घे.' आणि कुणी गयावया केली की माणूस विरघळतो, त्यात द्राव्य कुठलं आणि द्रावक कुठलं? शेकडो घरांत बोलतात ते चूक आणि पुस्तकातलं एक बरोबर, हे मला पटत नाही.

खडूफळा:
३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय म्हणून लिहितो. माजघरताई, तुमच्या पॉटमध्ये दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू होत्या. बर्फाच्या अंगावर पाण्याचा पातळ थर असतो, त्यात मीठ विरघळतं. खारट झालेलं ते पाणी शून्यावर गोठत नाही, म्हणून शेजारचा बर्फ वितळत राहतो, आणि वितळायला एका ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी लागतात त्या भांड्यातल्या दुधातून ओढल्या जातात. या ८० कॅलरी म्हणजे तेवढंच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवायला लागते तेवढी उष्णता, थोडी नव्हे. मीठ-बर्फाचं मिश्रण उणे २१ पर्यंत खाली जाऊ शकतं.

पण शब्दाचा आग्रह मी वेगळ्या कारणाने धरतो. पेपरात 'साखर चहात वितळते' असं लिहिणारी मुलं दरवर्षी असायची, आणि विचारलं की कळायचं, त्यांना खरंच वाटतं की साखरेचंच पाणी झालं. मग मी पळीत चिमूटभर साखर घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरायचो. आधी कडेने ओली दिसायची, मग सोनेरी, मग तपकिरी, वर्गभर वास. ही वितळली. आणि ग्लासात टाकली ती विरघळली, आहे तशीच आहे, फक्त एकेक रेणू पाण्याने वेगळा करून वेढून ठेवलाय, पाणी आटवा, परत मिळेल. हा फरक दाखवायला आपल्याकडे दोन सुटे शब्द आयते आहेत, ते कशाला एकात घालवायचे?

धातुसाधित:
सर, प्रयोग सुंदर आहे, पण भाषेचा इतिहास ऐका. विरघळ, पाघळ, ओघळ, घळाघळा रडणं, सगळीकडे ती 'घळ' आहे बघा. माझ्या मते मूळ अर्थ वाहून जाण्याचा, आकार सुटण्याचा आहे, द्रावक-बिवक नंतर शाळेने चिकटवलं. म्हणजे बर्फ विरघळतो हे जुनंच आहे, भ्रष्ट नाही. आणि मीठ पाण्यात जाण्याला तुकोबा काय म्हणतात, 'लवण मेळवितां जळें', म्हणजे त्यांच्याकडे तर शब्द मेळवणं!

शब्दनिष्ठ:
घळ म्हणजे दरी, शिवथरघळ. आवाज जुळला की नातं जुळत नाही. संस्कृतातला गल् धातू म्हणत असाल तर त्यातून सरळ गळणे आलंय. आणि तुकोबा समरस होण्याबद्दल बोलतायत, पाठ्यपुस्तक लिहीत नाहीयेत.

धातुसाधित:
समरस झाल्यावर 'काय उरलें निराळें' विचारतात, द्रावणाची याहून चांगली व्याख्या दाखवा. प्रत्येक ठिकाणी सारखंच मिसळलेलं, वेगळं काढून दाखवता येत नाही ते.

उत्तरवारा:
मी मिनेसोटात राहतो. इथे जानेवारीत तळ्यावर गाड्या उभ्या करतात आणि बर्फाला भोक पाडून मासे धरतात. खाली पाणी असतं कारण पाणी ४ अंशाला सगळ्यात दाट, ते तळाशी जातं, आणि बर्फ हलका (पाण्याची घनता १ धरली तर साधारण ०.९१७) म्हणून वर झाकणासारखा. पाणी बाकीच्या पदार्थांसारखं गोठताना आकसलं असतं तर बर्फ तळापासून साठत वर आला असता, मासे कुठे राहिले असते. शाळेत याला 'असंगत आचरण' म्हणायचे, ते दाखवायचं होपचं उपकरण अजून आठवतं. मला तो शब्द नेहमी खटकतो, कारण ज्याच्या जिवावर तळं जगतं त्याला असंगत का म्हणायचं? रस्त्यावर मीठ मारतात तेव्हा आम्ही मराठी मंडळी मात्र 'स्नो विरघळला'च म्हणतो, वितळला कुणी म्हणत नाही.

द्राक्षमळा:
निफाडहून. तुमचं मूळ जड पाणी राहिलं की बाजूला. आमच्याकडे जड, क्षाराचं, मचूळ हे तिन्ही वेगळं आहे. मचूळ म्हणजे चव बिघडलेलं, तहान न भागवणारं. जड म्हणजे ठिबकच्या ड्रिपरच्या तोंडाला पांढरं धरतं ते, आम्ही मग लाइनमधून ॲसिड सोडतो. एकदा नवीन असताना मी कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फरसचं विद्राव्य खत एकाच टाकीत टाकलं, दोन मिनिटात टाकी दुधासारखी पांढरी, काडीने ढवळली तर खाली चिकट साका, पूर्ण लाइन धुवावी लागली. याला शेतकरी म्हणतो 'द्रावण फाटलं', जसं दूध फाटतं. पुस्तकात अवक्षेप. मुलांना फाटलं लगेच कळेल.

आणि 'विद्राव्य ऑक्सिजन' कृपया लिहू नका, शेततळ्यात मासे सोडायच्या प्रशिक्षणात तेच छापलं होतं. विद्राव्य म्हणजे विरघळू शकणारा, विरघळलेला नाही. खताला बरोबर, कारण ते अजून गोणीत आहे.

उत्तरवारा:
हे महत्त्वाचं बोललात. शून्य अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साडेचौदा मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. मे महिन्यात तळ्यातले मासे वर येऊन तोंड उघडतात ते त्यामुळेही.

खडूफळा:
विद्राव्यबद्दल द्राक्षमळा यांच्याशी शंभर टक्के सहमत, माझ्या विषयाच्या वहीत मी हे कित्येक वेळा दुरुस्त केलंय. जड पाण्याबद्दल रानजाई, तपासणाऱ्या सरांची काळजी खरी आहे. रायगडमध्ये थळला जड पाण्याचा कारखाना आहे, पेपरात तोच शब्द येतो. त्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा, त्यामुळे ते साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के जड, आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात चक्क बुडतो. त्या पाण्याला जड हे नाव मोजून मिळालंय. दुष्फेन हा शब्द मला आवडतो, फेन म्हणजे फेस, पाण्याने काय केलं ते नावातच आहे.

माजघर:
पण सर, बीडची बाई हंडा उचलताना जड म्हणते तेही मोजूनच म्हणते ना, पोटाला जड! आमची आजी तर हलकं पाणी, जड पाणी जिभेवरच ओळखायची. थळचा कारखाना परवाचा, आजीचा शब्द त्याच्या आधीचा, मग शब्द कुणी सोडायचा?

शब्दनिष्ठ:
आजीने 'कठीण' म्हटलं असतं तर वाद नव्हता.

धातुसाधित:
कठीण पाणी हे तर इंग्रजीवरून उचललेलं आहे, तुम्हाला ते चालतं आणि बोलीतलं जड चालत नाही, ही कुठली शुद्धता?

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. बर्फाच्या पानावर 'वितळताना' केलं, सरांचा पळीतल्या साखरेचा प्रयोग चौकटीत घेतेय, 'विद्राव्य' दोन ठिकाणी होतं ते काढलं. बोअरच्या पाण्याचं मात्र ठरलेलं नाही. 'जड (दुष्फेन) पाणी' लिहिलं तर दोन्ही बाजूंनी खोडलं जाईल असं वाटतंय. माजघर, पावसाळ्यात गूळ ओला होऊन पसरतो त्याला काय म्हणता, तेही एका वाक्यात आलंय.

द्राक्षमळा:
गूळ पाघळतो. मिठाला पाणी सुटतं. उलटं करून चालत नाही.

माजघर:
बरोबर, पाघळतो. आणि पाण्याचं म्हणाल तर आमच्या वाड्यातल्या आडाचं पाणी वापराला होतं, पण डाळ त्यात तासभर उकळली तरी दाणा दाणाच राहायचा. म्हणून रोज सकाळी एक कळशी नदीकाठच्या विहिरीवरून यायची, ती वेगळ्या फळीवर, तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तिला आम्ही ना गोडं म्हणायचो ना हलकं. 'डाळीचं पाणी' म्हणायचो.