स्नोमोबिल (बर्फावरची गाडी) झटका देऊन उचलतेय, ड्राइव्ह क्लच (इंजिनवरचा, बेल्ट फिरवणारा क्लच) गेलाय का?

प्रश्न: थ्रॉटल दिला की आधी काहीच नाही आणि मग एकदम झटका बसतो, आयडलला पण बेल्ट ओढत राहतो, बेल्ट नवीन आहे. क्लच घरी खोलता येईल का?

– बेल्ट काढून मूव्हेबल शीव्ह (क्लचची सरकणारी चकती) हाताने हलवून बघा, डगडगली तर बुशिंग (तिच्या आतली आधाराची नळी) गेलंय. क्लचमधल्या रोलरवर (छोट्या चाकांवर) सपाट डाग पडलेत का तेही बघा, झटका बहुतेक तिथूनच.

– पुलरशिवाय (क्लच ओढून काढायच्या हत्याराशिवाय) क्लच काढू नका प्लीज, हातोडा मारलात तर क्रँकशाफ्टची (इंजिनच्या मुख्य दांड्याची) वाट लागेल!! कव्हरखाली स्प्रिंग दाबलेली असते, बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने सोडा, आणि आधी मार्करने खूण करा नाहीतर बॅलन्स जातो.

– आणि शीव्हला ग्रीस अजिबात नको, बेल्ट घसरेल.