मदत हवी आहे: मिकोनोसचे पुरातत्त्व संग्रहालय
नमस्कार. येत्या मे महिन्यात वडिलांना घेऊन ग्रीसला जायचे ठरत असून मिकोनोस बेटावरील छोटे पुरातत्त्व संग्रहालय निवांतपणे पाहण्याची आम्हा दोघांनाही फार इच्छा आहे. 1961 मध्ये सापडलेला, इ. स. पूर्व सातव्या शतकातला मातीचा प्रचंड रांजण तिथे आहे. त्याच्या गळ्यावर चाकांवर उभा असलेला ग्रीक पुराणकथेतला ट्रॉयचा लाकडी घोडा उठावात घडवलेला असून घोड्याच्या अंगावरच्या चौकोनी झरोक्यांतून आत दडलेले योद्धे डोकावताना दिसतात. हे बारकावे छायाचित्रांत नीट कळत नाहीत, ते प्रत्यक्षच पाहायला हवेत. वडिलांना फार वेळ उभे राहवत नाही. सकाळच्या बोटीने जवळच्या डेलोस बेटावरचे प्राचीन अवशेष पाहून दुपारी संग्रहालय करणे त्यांना झेपेल का, दालनांत बसण्याची सोय आहे का आणि रांजणाच्या पुरेसे जवळ जाता येते का, हे तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया कळवावे.